बिनखिळ्याची चप्पल

१४ जानेवारी १९८७

आज बाईच्या पायातून खिळा काढला.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण मनकर्णा. तिचं सासर कुरखेड्याच्या पलीकडे. दुपारच्या एसटीनं ट्रंक घेऊन आली आणि आरमोरीच्या स्टँडवरून घरापर्यंत पायीच आली. ओसरीवर टेकून तिनं पाय वर घेतला, तर चप्पल पायासोबतच वर आली. खालून पाहिलं, तर पट्ट्याला ठोकलेला खिळा तळव्यात शिरलेला. मी पक्कड आणली. ती सांगत होती की गोठ्यातली तिची जागाही आता वासरासाठी पाहिजे आहे म्हणून सासूनं बोळवण केली. ती सांगत असतानाच मी खिळा ओढला. तिचं बोलणं तुटलं नाही.

"दुखलं नाई?" मी विचारलं.

"नऊ वर्षं झाले मुखरू, त्या पायाले काही समजत नाई. गोळ्या खाल्ल्या, महारोग गेला. पाय काही वापस आला नाई."

माझी बायको चंदा जाऊन तीन महिने झाले. घरात बाईमाणूस आलं, चूल पेटेल, असं बाबा म्हणाले. मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. ही डायरी खताच्या दुकानात फुकट मिळाली. लिहून पाहतो.

१७ जानेवारी

गोळीवाले वामनराव सायकलनं आले. कुष्ठरोगाची तपासणी करत गावोगाव फिरतात, सगळे त्यांना याच नावानं ओळखतात. बाईची जखम त्यांनी धुतली, पट्टी केली.

"दुखत नाई हीच तं भानगड आहे," ते म्हणाले. "आपल्याले खडा टोचला का आपण पाय उचलतो. हिचा पाय उचलत नाई. जखम हाडापर्यंत गेली तं पाय कापा लागते."

दवाखान्यातून मऊ रबराच्या चपला मिळतात, पण ठरावीक मापाच्या. बाईची तीन बोटं आखूड झाली आहेत, टाच बाहेर वळते. एकही जोडी बसत नाही. तिच्या पायाच्याच मापाची पाहिजे. पट्टे चामड्याचे, शिवलेले पाहिजेत. खिळा नको, तार नको.

"तू तं टेलर आहेस," वामनराव मला म्हणाले.

"मी कपडे शिवतो."

"मंग? माप घ्यायचं आन् शिवायचं."

बाबा आतल्या खोलीत होते. चामड्याचं नाव निघालं तसे खोकले.

१९ जानेवारी

माझ्या मशीनवर चामड्याचा तुकडा घालून पाहिला. तीन सुया मोडल्या. शर्ट शिवायची मशीन आहे, तिचा काय दोष. शिवाय पट्टा आतून शिवायचा, तर अख्खी चप्पल सपाट पाटावर आडवी यायला पाहिजे, आणि ती येत नाही. शर्ट पूर्ण शिवून झाल्यावर बाहीच्या आत खिसा लाव म्हटलं, तर कसा लावायचा?

एक सुई करंगळीत गेली. गिऱ्हाइकाच्या कॉलरवर लाल डाग पडला तेव्हा कळलं. कॉलर धुतली. डाव्या हाताची करंगळी थंडीनं आखडली आहे, पुरती सरळ होत नाही. काजं करताना धागा निसटतो. चंदा गेल्यापासून कशातच हात चालत नाही.

२४ जानेवारी

बाजारात दादाजीभाऊंकडे बसलो. त्यांच्या तीन पिढ्या जोडेच शिवत आल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. बाईची चप्पल त्यांनी हातात घेतली, आत बोटं घालून सगळीकडून चाचपली.

"हातानं शिवून देईन. पण दोन दिवस लागतीन, आन् डोळा किती साथ देते सांगता येत नाई. हे एकाच जोडीचं काम थोडी आहे? घासली का पुन्हा शिवा लागन."

मग मशीनचं बोलणं निघालं. त्यांनी फरशीवर कोळशानं चित्रं काढली.

"ही सपाट पाटाची. तुह्या मशीनवाणीच, पण दणकट. बॅग शिव, बेल्ट शिव. सरळ काम असन तं हिच्यासारखी नाई. पण तयार जोड्याच्या आत ते घुसत नाई. ही खांबावाली, नवीन जोडे बनवते त्या कारखान्यात राहते. आन् ही लांब हाताची. हिचा हात मनगटाएवढा बारीक. जोडा त्याच्यावर मोज्यावाणी चढवायचा. जोडा फिरवा बी नाई लागत. सुईजवळचा दाबच चारी बाजूंनी फिरते. जिकडे म्हणशीन तिकडे शिवते."

"मंग हेच घेतो."

"ऐक तं. हिची बॉबिन एवढुशी, घडीघडी धागा संपते. जाड तळवा हिच्यानं होत नाई, तो हातानंच. आन् हे धावत नाई, चालते. ज्याले ढीगभर काम काढायचं, तो हिले शिव्या देते."

मी विचारलं, तुम्ही का नाही घेतली. ते म्हणाले, डोळे होते तेव्हा गरज नव्हती.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून बाबा शाळेतून आले. पांढरी टोपी काढून खुंटीला लावली. मी मशीनचं सांगितलं.

"चामडं या घरात येणार नाई," ते म्हणाले.

ते उभेच होते.

"छप्पन साली दीक्षा घेऊन आलो आन् मेलेली ढोरं ओढणं सोडलं. सुरी, दोर, सारं वैनगंगेत टाकलं. गावानं विहिरीवर येऊ देल्लं नाई. तुही आजी दोन महिने नदीहून पाणी आणत होती. तिच्या डोक्यावरचे केस गेल्ते. तू तवा दहा वर्षांचा होतास. विसरलास?"

"विसरलो नाई."

"मंग?"

बाई भिंतीला टेकून ऐकत होती. दुखरा पाय तिनं पदराखाली झाकून घेतला. दुखरा म्हणायची सवय आहे म्हणून लिहिलं.

२९ जानेवारी

कोळशाच्या इस्त्रीनं हात भाजला. मला कळायच्या आधी बाईला वास आला. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

३ फेब्रुवारी

नागपूरला जाऊन आलो. बाबांना सांगितलं की अस्तराचं कापड आणायला जातो.

मशीनचं दुकान मोठं होतं. मालक हिंदीतच बोलत होता. सपाट पाटाच्या मशीनवर थाप मारून म्हणाला, "ये हाथी है, हाथी. मोटर लगाओ, दिनभर दौड़ेगा." त्यानं चार पदरी चामडं सरकवलं, तर खरंच लोण्यासारखं शिवलं गेलं. टाका एकसारखा. मला ती आवडली. माझ्या हाताला ओळखीची वाटली.

लांब हाताची एक कोपऱ्यात होती, जुनी, तेल सुकलेली. दादाजीभाऊंनी सांगितल्याप्रमाणे तिचा हात धरून हलवून पाहिला. खिळखिळा नव्हता. पिशवीतून बाईची चप्पल काढून चढवली. बाजूचं चाक हातानं फिरवायचं. टाका हळूहळू पडत गेला, पट्ट्याच्या आतून, वळणावरून. मी टाक्याकडेच बघत होतो.

"अरे! अरे भाई, उंगली!" मालक ओरडला.

करंगळी सुईखाली होती. सुई नखातून आरपार गेली होती आणि मी चाक फिरवतच होतो. दुकानातले सगळे उठले. कुणी हळद आणली. मालकाचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "दर्द नहीं हुआ तुमको?"

मी म्हटलं, घरी मयत झाली आहे. त्याला ते पटलं असावं. त्यानं चहा दिला.

कोणतीच मशीन न घेता आलो. सपाटवाली चांगली की लांब हातवाली, गाडीत विचार करत होतो. ठरलं नाही.

५ फेब्रुवारी

बाईनं बोटाची पट्टी बदलली. मग खराट्याची काडी घेऊन समोर बसली.

"डोळे मीट."

"काऊन?"

"मीट म्हणतो ना. काडी लागली का हात वर कर."

ती अंगठ्यापासून एकेका बोटाला काडी लावत गेली. मी हात वर करत गेलो. मग ती थांबली. मी बराच वेळ डोळे मिटून बसलो. म्हटलं, काय झालं, लावत का नाहीस?

ती रडत होती. काडी करंगळीवर टेकलेलीच होती.

७ फेब्रुवारी

वामनराव आले. शर्ट काढायला लावला. कोपराच्या वर पाठीमागे एक फिकट चट्टा निघाला, मला कधी दिसला नव्हता. चंदाला दिसला असता. कोपराची नस त्यांनी बोटांनी चाचपली. दोरीसारखी जाड झाली आहे म्हणाले.

"थोडाच आहे. सहा महिने गोळ्या घे, निघून जाईन. करंगळी सरळ होईन का नाई, ते आत्ता सांगत नाई. सुईपासून हात सांभाळ. इस्त्री फडक्यात धर. रोज हात तपास, नवीन लेकरू तपासतो तसा."

मी म्हटलं, मला वाटत होतं चंदा गेल्यापासून असं होतं.

"कसं?"

"काही लागत नाई. रडू येत नाई. भूक समजत नाई. साहेब, हा रोग आत जाते का? मनात?"

वामनरावांनी पिशवीचं तोंड बांधलं, मग सोडलं, मग पुन्हा बांधलं.

"नाई. हा चामडीच्या आन् हातापायाच्या नसांचा रोग आहे. तिथं जात नाई."

"मंग ते कायचं आहे?"

"ते मले तपासता येत नाई, मुखरू."

८ फेब्रुवारी

काल वामनरावांनी पहिली गोळी समोरच घ्यायला लावली. लघवी लाल झाली. तसं होतं असं त्यांनी सांगितलं होतं.

११ फेब्रुवारी

काही नाही. दोन पायजमे शिवले.

१६ फेब्रुवारी

बाबा नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाईशीही नाही. मला वाटलं रागात आहेत. आज सकाळी बाई पाय धूत होती, तर ते येऊन तिच्यासमोर पाटावर बसले आणि तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. जखम पाहिली. बोटं एकेक मोजल्यासारखी दाबून पाहिली. मग माझा हात मागितला. तोही तसाच पाहिला.

"कोणती मशीन घेणार?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. सपाट पाटाची जोरदार आहे, पण ती पायानं चालवायची. मला मोटर लावायची नाही, मोटर थांबेपर्यंत बोट गेलेलं असेल. आणि चपलेच्या आत ती शिरत नाही. लांब हाताची हळू आहे, पण चाक हातानं फिरतं, एकेक टाका. पण माझ्या हाताचा भरवसा उरला नाही.

"माह्या हाताले काही झालं नाई," बाई म्हणाली.

आम्ही दोघं तिच्याकडे बघू लागलो.

"पाय गेले, हात शाबूत आहे. पायानं चालवायची असती तं मी नाई म्हटलं असतं. चाकाची आहे ना? मी चालवीन. मुखरू, तू कापून दे, मी शिवतो."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नागपूरच्या कोपऱ्यातल्या त्या मशीनसमोर मी मलाच बसवून पाहत होतो.

बाबांनी बाईचा पाय मांडीवरून हळूच खाली ठेवला.

"आम्ही ढोरं ओढत होतो तवा नाई म्हणाची सोय नव्हती. पाटील सांगे, आम्ही जात होतो. तू हे कोणाच्या हुकमानं करून राह्यली?"

"कोणाच्याच नाई, बाबा."

"मंग कर. पण चामडं घरात नको आणजो. त्याचा वास मले अजून सहन होत नाई."

७ मार्च

आणली. लांब हातवालीच. माझ्या दोन मशीनपैकी एक बदल्यात दिली. एसटीच्या टपावर पोत्यात बांधून आली. हमाल म्हणाला, प्रेत आहे काय एवढं जड. बाजारात दादाजीभाऊंच्या बाजूला टिनाचं टपरं होतं, तिथे बसवली.

दादाजीभाऊंनी रॉकेलनं धुतली, तेल पाजलं. चामड्याच्या सुईला टोकाशी धार असते, ती कापत जाते. कपड्याची सुई नुसती टोचते. म्हणून माझ्या मोडल्या. इतकी वर्षं सुया हाताळल्या, हे माहीत नव्हतं.

१५ मार्च

बाईचं शिकणं सुरू आहे. धागा खालून गुंतायचा. दादाजीभाऊ डोळे मिटून नुसता आवाज ऐकतात आणि सांगतात, ढिली झाली, कस. बाई चिडते, मशीनला नावं ठेवते, पुन्हा बसते. मी कागदावर पायाचा आकार काढतो, रबर कापतो. हातात मोजा घालतो. संध्याकाळी बाई माझा हात तपासते, मी तिचे पाय. आज दोघांनाही नवीन काही नव्हतं.

२२ मार्च

बाईची जोडी झाली. डाव्याला टाचेभोवती उंच भिंत, उजव्याला पट्टा तिरपा. दिसायला चांगल्या नाहीत. जखम भरत आली आहे, वामनराव खूश आहेत. बाई म्हणाली, खालून जमीन समजत नाही, पण चपलेत पाय सरकत नाही हे गुडघ्याला समजतं.

१० एप्रिल

लोक काहीही आणतात. पोस्टमनची बॅग, जंगल खात्याच्या गार्डचा पट्टा, शाळेचा फुटबॉल, ढोलकीचं कव्हर, एकानं बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा आणला. जे आत हात घालून शिवावं लागतं, ते दादाजीभाऊ आमच्याकडे पाठवतात. काही जण बाईचा पाय पाहून परत जातात. बाई मान वर करत नाही. बाबा दुपारी डबा आणतात, टपऱ्यापासून चार हात लांब उभे राहतात, नाकाला रुमाल लावून. डबा रिकामा होईपर्यंत जात नाहीत.

१९ एप्रिल

आज बँडवाले आले. लग्नाचे कोट उसवलेत, सगळे दुरुस्त करून पाहिजेत. त्यांचा मास्तर म्हणाला, "मांगच्या साली दसऱ्याचे कोट तू टायमावर देल्ते. म्हणून तुह्याकडेच आलो."

वेळेवर दिले होते. नऊ कोट होते. सात झाले तेव्हा चंदाला तिसऱ्या दिवशीचा ताप होता. ती म्हणाली, डोकं फुटते. मी म्हटलं, आज दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, आधी ते होऊ दे, त्यांचा दसरा आहे. मी बसलो. आठवा झाला. नवव्याच्या बाहीला सोनेरी फीत लावत होतो तेव्हा ती काहीतरी बोलली, मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी मशीन थांबवली नाही. फीत पूर्ण केली. मग बैलबंडी जुंपली. गडचिरोलीच्या रस्त्याला लागल्यावर थोड्या वेळानं तिचा हात माझ्या हातात तसाच राहिला. तेव्हा दुपार होती. कोट संध्याकाळी शेजाऱ्यानं पोचवले.

ती काय बोलली, ते मला माहीत नाही.

हे कुठे लिहिलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं. लिहून काही झालं असं नाही. मास्तरला म्हटलं, कोट दुसरीकडे द्या.

२१ एप्रिल

बाईला सांगितलं. तिनं चाक थांबवलं. बाजारात गर्दी होती. ती म्हणाली, "तहान लागली म्हटलं असन." मी म्हटलं, तुला काय माहीत. ती म्हणाली, "तापात माणूस तेच म्हणते."

मग तिनं मला पाणी दिलं. मी प्यालो. पुष्कळ प्यालो.

४ मे

धानोऱ्याकडचा पोचू आला होता. वामनरावांनी पाठवलेला म्हातारा, गोंडी बोलतो, मराठी मोडकी. दोन्ही पायांना बोटं नाहीत. तेंदूपत्ता तोडायचा हंगाम सुरू झालाय, जंगलात जायचंय. गेल्या वर्षी बांबूची खुंटी पायात घेऊन तीन दिवस फिरला होता, असं वामनरावांनी चिठ्ठीत लिहिलं होतं. आयुष्यात जोडा घातला नव्हता.

माप मी गेल्या महिन्यात घेतलं होतं. आज बाईनं जोडे त्याच्या पायात चढवले. वरून बंद, पुढून गोल, चामड्याचे, आतून कुठेच शिवण लागत नाही. तो उभा राहिला. दोन पावलं गेला. परत आला. आमच्याकडे बघत राहिला. मग स्टँडकडे निघाला. आम्ही दोघं आणि दादाजीभाऊ त्याला जाताना पाहत होतो. दादाजीभाऊंना काय दिसत होतं कुणास ठाऊक, तेही पाहत होते.

थोड्या वेळानं तो वापस आला. अनवाणी. जोडे छातीशी धरलेले.

"लागले?" बाईनं घाबरून विचारलं.

पोचूनं मान हलवली. लागले नव्हते. जोड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "कागद दे. बांधून. घरी पेटीत ठेवतो. धूळ बसते."

बाईनं कपाळावर हात मारला. "अरे बावा, पेटीले पाय आहे का? पायात घालाले शिवले ना मी! पंधरा दिवस बोटं दुखून राह्यले माहे!"

"नवे आहे," पोचू समजावून सांगितल्यासारखा म्हणाला. "खराब होते."

"होऊ दे! खराब झाले का आण, पुन्हा शिवीन! घाल पाहू! घाल म्हणतो!"

म्हातारा तिच्या ओरडण्याला घाबरून मटकन खाली बसला आणि डाव्या पायात उजवा घालू लागला. बाई धावली, ते काढून नीट घातले, वर उठून त्याला दोन्ही दंड धरून उभं केलं, आणि लहान पोराला शाळेत ढकलावं तसं स्टँडकडे ढकलत घेऊन गेली. म्हातारा मागे वळून वळून पाहत होता, कुणी कागद देतं का.

बाई परत आली तेव्हा दम लागला होता. एसटीत बसवून आले म्हणाली. खाली बसून चाकाला हात लावला आणि थांबली.

"हसून राह्यलास काय तू?"

"नाई," मी म्हटलं.

हसत होतो.